ग्रुपबरोबर जा, एक दिवस दांडी मारा

“ताई, मी ६३ वर्षांची. शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. सिंहगड रस्त्यावर राहते आणि रोज सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात चार फेऱ्या मारते. जपानचं वेड तिथूनच लागलं. आम्ही चौघी मैत्रिणी अकरा दिवसांच्या ग्रुप टूरला जायचं म्हणतोय. १४ एप्रिल आणि १६ नोव्हेंबर अशा दोन तारखा आहेत. पण उजवा गुडघा कुरकुरतो, मी अंडंसुद्धा खात नाही, आणि माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा झाला तर मेल्याहून मेल्यासारखं होईल. ह्यांना विमानप्रवास नको. मुलगा म्हणतो, ग्रुप टूर म्हणजे मेंढरं हाकणं. थांब, पुढच्या वर्षी मीच नेतो, जपानच्या रेल्वेचा जेआर पास काढू, स्वस्तात होईल. मी आजवर एकटी कुठे गेलेली नाही. कार्यक्रमपत्रिका सोबत जोडली आहे. जाऊ का?”
— एक वाचक, पुणे

बाई,

(गणिताच्या शिक्षिकेला ताई म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून बाई.)

जा. उत्तर आधी आणि रीत मागून, हे तुमच्या वर्गात चाललं नसतं, पण इथे चालवून घ्या.

आधी मुलाचं बघू. मी १७ वर्षं टूर लीडर होते. ‘पुढच्या वर्षी मुलगा नेणार आहे’ म्हणून नाव मागे घेतलेल्या किती आया मला माहीत आहेत, सांगू नये. मुलं खोटं बोलत नाहीत हो, त्यांच्या रजा खोटं बोलतात. त्याच्या जेआर पासचा हिशेबही तुम्हीच तपासा. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला होता, तो एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योतो शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट साधारण १४,००० येन. आता मांडा त्रैराशिक. एकेकाळी डोळे मिटून काढावा असा पास होता, आता नेहमीच्या मार्गावर तो परवडत नाही.

मेंढरांचं मात्र त्याचं निम्मं खरं आहे. मी नोकरी सोडल्यावर एकदा हौसेने दुसऱ्या एका कंपनीची साधी प्रवासी म्हणून जपानला गेले होते. चाळीस माणसं, एक बस. क्योतोत तीन मुक्काम. रोज संध्याकाळी साडेपाचला बस भारतीय जेवणाकडे निघायची, पाऊण तास ट्रॅफिकमध्ये, मग पनीर बटर मसाला, मग परत पाऊण तास आणि झोप. एक हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी असलेल्या शहरात मी तीन संध्याकाळी पनीर पाहिलं. कानाला खडा लावला. पण तो ग्रुपचा दोष नव्हता, ती पत्रिका मी नीट वाचली नव्हती. मी, जिचा तो धंदा होता!

म्हणून तुमची पत्रिका दोनदा वाचली. आमच्या धंद्यातली भाषा तुम्हाला उलगडून सांगते. ‘व्हिजिट’ लिहिलंय तिथे तुम्ही आत जाणार. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, बाहेरून. आणि ‘पॅनोरमिक टूर’ म्हणजे बसच्या काचेतून, तेसुद्धा तुमची खिडकी त्या बाजूला असेल तर. तुमच्या टोकियोच्या दुसऱ्या दिवशी सात ठिकाणं छापली आहेत; त्यात व्हिजिट दोनच. यात फसवणूक नाही, पण सात वाचून हरखून जाऊ नका.

दुसरं, हॉटेलं मोजा. दहा रात्री, सात हॉटेलं: टोकियो दोन, हाकोने, ताकायामा, कानाझावा एकेक, क्योतो तीन, मग हिरोशिमा आणि ओसाका. गुडघ्याचे हाल क्योतोच्या फुशिमी इनारी देवळाच्या पायऱ्यांपेक्षा बॅग उचलण्यानेच जास्त होतील. जपानी हॉटेलची खोली इतकी आटोपशीर असते की दोघींच्या मोठ्या बॅगा एकाच वेळी जमिनीवर उघडत नाहीत. एकीने उघडायची, दुसरीने पलंगावर पाय घेऊन बसायचं. शिनकान्सेन मधल्या स्टेशनांवर मिनिट-दोन मिनिटंच थांबते, तेवढ्यात तीस माणसांनी सामानासकट चढायचं असतं. यावर जपान्यांनी सुरेख तोड काढली आहे, तिचं नाव ताक्क्युबिन. आज सकाळी मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवर द्यायची, उद्या ती पुढच्या गावच्या हॉटेलात तुमची वाट बघत असते. मधल्या रात्रीपुरती खांद्याची पिशवी. ‘लगेज ट्रान्सफर किती वेळा धरलाय?’ हे कंपनीला विचारा. एकदाही नसेल तर तुमच्या पैशाने निदान ताकायामापूर्वी आणि हिरोशिमापूर्वी करा. माझ्या मते कुठल्याही ऑप्शनल सहलीपेक्षा हे पैसे जास्त सार्थकी लागतात.

तारखेचं सोपं आहे: नोव्हेंबर. ब्रोशरच्या मुखपृष्ठावर गुलाबी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, छापलाय, पण १४ एप्रिलपर्यंत टोकियो आणि क्योतोची फुलं बहुतेक वर्षी गळून गेलेली असतात. भर बहर जेमतेम आठवडाभर टिकतो आणि तो मार्चच्या शेवटी ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो. उंचावरच्या ताकायामात काय ती भेटतील तेवढी. उलट नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात क्योतोत मेपल लालभडक असतात, हवा कोरडी असते, आणि ३,७७६ मीटरचा फुजी ढगातून बाहेर असण्याची शक्यताही बरी असते. हमी कुणी देत नाही. जो देतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. एक मात्र आहे, त्या दिवसांत क्योतोत पाचच्या आत सूर्य मावळतो. कियोमिझु मंदिर त्या काळात रात्री दिवे लावून उघडं ठेवतात, तेव्हा ती संध्याकाळ पनीरला देऊ नका म्हणजे झालं.

आता जेवण. इथे मी गोड बोलणार नाही. जपानमध्ये शाकाहाराची अडचण ताटात दिसते त्यात नसते, दिसत नाही त्यात असते. दाशी नावाचा एक पातळ रस्सा तिथल्या निम्म्या स्वयंपाकाचा पाया आहे, आणि तो बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, सगळीकडे तो. वाढणारी मुलगी मनापासून ‘यात मांस नाही’ म्हणेल आणि तिच्या दृष्टीने ते खरंच असेल. एक वाक्य पाठ करा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, मांसही नाही, मासेही नाही. त्यापुढे ‘दाशी मो दामे देसु’, दाशीही चालत नाही. कागदावर जपानीत लिहून घेतलंत तर आणखी बरं, पण तोंडाने म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा जो खुलतो तो कागदाने खुलत नाही.

आणि निघण्यापूर्वी स्वतःशी ठरवा, तुमची रेघ नेमकी कुठे आहे. ताटात मासा नको की रश्श्यातही नको? काय ठरवाल ते तुमचं. पण तिथे रोज तीनदा ठरवत बसलात तर सहलीचा विचका होतो.

कंपनीला सांगा, दहापैकी चार-पाच रात्रीच भारतीय जेवण पुरे, बाकीच्या संध्याकाळी आम्हाला शहरात सोडा. मग खायचं काय? कोपऱ्याकोपऱ्यावर चोवीस तास उघडं असलेलं छोटं दुकान असतं, तिथे ओनिगिरी मिळते, म्हणजे समुद्रशेवाळाच्या कागदात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण. तिच्या प्लॅस्टिकवर १, २, ३ आकडे असतात. त्याच क्रमाने ओढलं तर शेवाळ कुरकुरीत राहून भाताला चिकटतं, नाही तर सगळा चिवडा होतो. माझ्या एका ग्रुपमध्ये कोल्हापूरच्या एक काकू होत्या. हाकोनेच्या बसमध्ये त्यांनी नुसती मिठाची ओनिगिरी सोडली, पर्समधून मेतकुटाची डबी काढली, त्रिकोणाचं एक एक टोक त्यात बुडवून शांतपणे खाल्लं. पाच मिनिटांत अर्धी बस डबीभोवती. तेव्हा मेतकूट न्या, दाण्याची चटणी न्या, झटपट पोह्यांची पाकिटं न्या. खोलीत पाणी तापवायची किटली असतेच. उमेची ओनिगिरीही बघा, आत खारवलेलं आंबट फळ असतं, लोणच्याच्या खाराची आठवण येते. पण पाकिटावर फोनचा कॅमेरा धरून घटक वाचा, त्यातही कधी माशाचा अर्क असतो. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता घरीच ठेवा, विमानतळावर काढून घेतात.

खरं शाकाहारी जपानी जेवण हवं असेल तर ते बौद्ध मठांत मिळतं. शोजिन र्योरी म्हणतात त्याला. कोयासानच्या डोंगरावर मंदिरांतच मुक्काम करता येतो आणि हेच जेवण वाढतात. तिथल्या विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळाही आहे. तुमच्या पत्रिकेत कोयासान नाही. मुलाला म्हणावं, पुढच्या वर्षी तू तिथे ने.

औषधांचं थोडक्यात: गुडघ्याच्या, बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या आत पुरतील एवढ्याच, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का, हे केमिस्टला विचारून घ्या. जपानचे नियम यात फार कडक आहेत.

गुडघा. रोज दहा-बारा हजार पावलं धरून चाला. तुमच्या बागेतल्या चार फेऱ्यांच्या आजपासून सहा करा, आणि मुद्दाम पायऱ्या असलेल्या ठिकाणी जा. फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानी डोंगरावर २३३ मीटर उंचीपर्यंत जातात, पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. पण ज्या दाट कमानींचे फोटो सगळे दाखवतात त्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर आहेत. तेवढ्या बघून खाली या, चुकलं असं काही वाटणार नाही. बूट बिनलेसचे घ्या. देवळात, र्योकानमध्ये (म्हणजे जुन्या जपानी पद्धतीच्या हॉटेलात), काही खाणावळींत दर थोड्या वेळाने ते काढावे लागतात, आणि मोजे फाटके नकोत! हाकोनेचा मुक्काम र्योकानचा आहे, म्हणजे चटईवर गादी. जमिनीवरून उठता येत नसेल तर आत्ताच पलंगाची खोली आणि जेवायला खुर्ची लिहून मागा, देतात. गरम पाण्याच्या सामाईक कुंडात कपडे न घालता उतरायचं असतं, बायकांचं वेगळं असतं. संकोच वाटला तर काही ठिकाणी तासाभरासाठी स्वतंत्र कुंड घेता येतं. पण एकदा उतराच असं मी म्हणेन. गुडघा दुवा देईल.

खोळंब्याची भीती मनातून काढा. १७ वर्षांत माझा ग्रुप गुडघ्यासाठी कधी थांबला नाही. गुडघेवाली माणसं पाच मिनिटं आधी बसपाशी हजर असतात. ग्रुप थांबतो तो ‘शेवटचं एकच दुकान’वाल्यांसाठी आणि एकाच कमानीखाली नवऱ्याकडून अकरा फोटो काढून घेणाऱ्यांसाठी.

पत्रिकेत न छापलेल्या दोन गोष्टी सांगते, कारण गाइड बहुधा सांगणार नाही.

टोकियोत आसाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरात तुम्हाला दीड तास दिलाय, त्यातला तासभर नाकामिसे गल्लीतल्या खरेदीचा. खरेदी सोडा. तिथून दहा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचलेला आपला गणपती. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. नैवेद्याला मोदक नाही, पांढराशुभ्र मुळा! भाविक देवळातून अख्खा मुळा विकत घेऊन समोर ठेवतात, भिंतींवर, पायऱ्यांवर मुळ्यांची नक्षी. मी पहिल्यांदा तो जाडजूड मुळा दोन्ही हातांत धरून उभी राहिले तेव्हा नमस्कार कसा करायचा तेच कळेना.

दुसरी गोष्ट नाराची. तोदाई-जी मंदिरातला प्रचंड बुद्ध सगळे बघतात, मग हरणांना बिस्किटं घालायला पळतात. त्या बुद्धाचे डोळे उघडायचा विधी ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून झाला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांबच लांब दोरी बांधली होती आणि जमलेल्या लोकांनी ती धरली होती, म्हणजे डोळे रेखताना प्रत्येकाचा हात लागला. ती दोरी नाराच्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवली आहे. मूर्तीसमोर उभ्या राहाल तेव्हा हे आठवा, मग खुशाल हरणांकडे जा. ती मान लववून बिस्किट मागतात आणि नाही दिलं तर पदर ओढतात.

हिरोशिमाबद्दल एवढंच: संग्रहालयानंतर लगेच जेवण ठेवलंय, ते तासभर पुढे ढकलायला टूर लीडरला सांगा. तिथे तीन वर्षांच्या मुलाची जळालेली तिचाकी सायकल आहे. ती बघून थेट बुफेच्या रांगेत उभं राहवत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते जी तुम्ही गुडघा आणि मुलगा यांच्या मागे लपवलीत. ‘मी आजवर एकटी कुठे गेलेली नाही.’

आठवा दिवस बघा. ‘क्योतो: फ्री डे. ऑप्शनल: ओसाका शॉपिंग.’ मैत्रिणी ओसाकाला जातील. जाऊ द्या. तुम्ही दांडी मारा आणि ओकायामाला जा. तुम्ही रोज ज्या बागेत फिरता तिचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. २००६ साली ती उघडली, आणि जिच्यावरून केली ती मूळ बाग, कोराकुएन, ओकायामात आहे. तिथल्या सरदाराने १६८७ ला कामाला हात घातला आणि १७०० साली ती पुरी झाली. जपानमधल्या तीन नामांकित बागांपैकी ती एक. दुसरी, केनरोकुएन, तुम्हाला कानाझावात ग्रुपबरोबर दिसेलच. नवव्या दिवशी तुमची शिनकान्सेन ओकायामावरून हिरोशिमाला जाणार आहे, स्टेशनात थांबेल आणि तुम्ही काचेतून फलाट बघाल. त्याच्या आदल्या दिवशी उतरा.

रीत लिहून घ्या. आदल्या संध्याकाळी टूर लीडरला सांगायचं, कुठे जाणार आणि किती वाजता परत. हॉटेलचं कार्ड पर्समध्ये. सकाळी क्योतो स्टेशनवर नोझोमी नावाची शिनकान्सेन पकडायची, आणि ती पश्चिमेकडे जाणारी हवी: फलकावर हिरोशिमा किंवा हाकाता लिहिलेली. फलक जपानीनंतर इंग्रजीतही येतो, घाबरून पहिल्या सेकंदाला मान वळवू नका. तासाभरात ओकायामा. स्टेशनसमोर मोमोतारोचा पुतळा दिसेल, पीचमधून जन्मलेला त्यांच्या गोष्टीतला मुलगा. तिथून ट्रामने शिरोशिता, मग दहा मिनिटं चालत नदीवरचा पूल ओलांडायचा. ट्रामचे पैसे उतरताना द्यायचे असतात, सुटी नाणी जवळ ठेवा. रस्ता चुकलात तर कुणालाही ‘कोराकुएन?’ एवढंच विचारा.

आत गेल्यावर घाई करू नका, तिथे हेडकाउंट नाही. मोठी हिरवळ आहे, सरदाराच्या बागेत असावीत याचं नवल वाटेल अशी भाताची खाचरं आहेत, चहाचा छोटा मळा आहे, लाल टोपीचे क्रौंच पाळलेत. नदीपलीकडे काळा किल्ला उभा आहे. त्याला ‘कावळ्यांचा किल्ला’ म्हणतात आणि तो बागेच्या मांडणीतच धरलाय, बाहेरचं दृश्य उसनं आणून. तळ्याकाठी बाक आहेत. गुडघ्याला तिथे तासभर विश्रांती द्या, आणि तुमच्या सकाळच्या फेरीतली कुठली वळणं तिथे सापडतात ते बघा. मला चार ओळखता आली होती. तुम्हाला जास्त सापडतील, तुमचा रोजचा पाय आहे.

सहाच्या आत परत या. दुसऱ्या दिवशी हिरोशिमा आहे, आणि तुमची बॅग त्या सकाळीच पुढे गेलेली असेल.